घासलेल्या कुंड्या

आईच्या गॅलरीतल्या कुंड्या पाहिल्या की माझं डोकंच फिरायचं. मातीच्या छान कुंड्या, पण बाहेरून क्षाराचे पांढरे पापुद्रे आणि शेवाळ यांनी पार माखलेल्या. एकीचा काठ फुटका, दुसरीच्या गळ्यात मळकी सुतळी. "हात लावायचा नाही हं," आई दरवेळी बजावायची. पण ऐकेन तर मी तिची लेक कसली!

जेवून ती आडवी झाली आणि मी बाह्या सरसावल्या. झाडं मातीसकट अलगद काढली, कुंड्या व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्या आणि काथ्याने खसाखसा घासल्या. सुतळी कचऱ्यात गेली. फुटका काठही कानशीने गुळगुळीत केला. उन्हात वाळवून झाडं परत लावली आणि कुंड्या उंचीप्रमाणे ओळीत मांडल्या. मध्येच दादाचा फोन आला. आईला आता एकटं ठेवायचं नाही, त्याच्याकडे न्यायचं, हे त्याचं जुनंच टुमणं.

"ठणठणीत आहे ती. उगाच मागे लागू नकोस," मी त्याला झापलं.

आई उठली, झारी भरून गॅलरीत आली. मी कौतुक ऐकायला सज्ज. तिने पहिल्या कुंडीवरून हात फिरवला, मग दुसरीवरून, मग घाईघाईने सगळ्यांवरून. तिचा चेहरा उतरला.

"अगं, माझ्या कुंड्या कुठे गेल्या?"

"आई, त्याच आहेत! बघ तरी, कशा लालचुटुक दिसतायत."

"हो, हो. दिसतंय ना." तिने झारी कलती केली. पाणी दोन कुंड्यांच्या मधे, थेट माझ्या पायांवर पडत राहिलं. ऊन लख्ख होतं.

मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "आई, माझ्या हातात काय आहे?"

"ब्रश असणार, दुसरं काय?"

माझे दोन्ही हात रिकामे होते. मी आल्यापासून गेले दोन दिवस हिने मला चहा करून दिला होता, माझ्याशी वाद घातला होता, आणि मला पत्ताही लागला नव्हता.

"सुतळी मीच बांधली होती गं," ती हळूच म्हणाली. "तो गुलाब. फुटक्या काठाची कोरफड, तिला पाणी कमी लागतं. आता कसं कळायचं?"

इतक्यात माझा फोन वाजला.

"दादा?" आईने विचारलं.

"हो."

तिने माझा खांदा चाचपून घट्ट धरला. "मघाशी सांगितलंस ना, तेच सांग."