यंत्रांची ओपीडी

त्या इस्पितळात रुग्णांपेक्षा किटल्या जास्त आहेत, असं मेट्रनबाई म्हणायच्या, आणि त्यात अतिशयोक्ती असलीच तर एखाद्या किटलीची असेल. डॉक्टरांच्या खोलीत किटली, नर्सच्या खोलीत किटली, हिशेबनिसाच्या टेबलाखाली पाय शेकायचा हीटर, एक्स-रेच्या अंधारात विजेची शेगडी. आणि मोठ्या सर्जनसाहेबांच्या केबिनमध्ये ते सुप्रसिद्ध कॉफीयंत्र. ते सुरू झालं की खालच्या मजल्यावरचे पेशंट आगगाडी आली समजून सामान आवरायला लागत. एका प्लगला एक एक्स्टेन्शन, त्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. वायरींचा असा गोतावळा वाढला होता की कोण कुणाचं कोण लागतं, हे खुद्द वायरमनलाही सांगता येत नसे.

वर्षातून एकदा आग आणि वीज यांची तपासणी करायला इन्स्पेक्टर येत. त्या दिवशी ही सगळी यंत्रं आजारी पडत. म्हणजे अगदी रीतसर. त्यांना खाटेवर निजवायचं, पांढरी चादर वरपर्यंत ओढायची, आणि साहेब वॉर्डातून जाईपर्यंत शेजारी एखाद्या नर्सने काळजीचा चेहरा करून उभं राहायचं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पण यंदा कुणीतरी अतिहुशारी केली. फ्रीजला सलाईन लावलं आणि खाटेच्या पायाशी तक्ता टांगला: ताप अजिबात नाही. इन्स्पेक्टरांनी तक्ता वाचला, चादर उचलली आणि फ्रीजचा दरवाजा उघडला. आत तीन डॉक्टरांचे डबे होते.

साहेब हसले नाहीत. हा माणूस आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मागच्या भिंतीवरच्या स्विचकडे संशयाने बघतोय, असं त्यांचा ड्रायव्हरच सांगायचा. ते तडक तिसऱ्या मजल्याच्या टोकाला गेले, जिथे वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या उबदार पेट्यांमध्ये निजलेली असत. ही खोली म्हणजे मेट्रनबाईंचा जीव. ती मिळवण्यासाठी त्यांनी वरिष्ठांचे उंबरे इतके झिजवले होते की दोन कचेऱ्यांना नवे बसवावे लागले. साहेब तिथे नुसतेच उभे राहिले. बरोबर अकरा वाजले, इस्पितळाची चहाची वेळ झाली, सगळ्या किटल्या एकदम पेटल्या आणि बाळांच्या पेट्यांवरच्या दिव्यांनी माना टाकल्या. क्षणभरच. पुन्हा सावरले.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी जमिनीकडे पाहिलं.

महिन्याने ते परत येणार होते. तोवर या मजल्यावरचं विजेचं ओझं कमी झालं नाही, तर खोलीला कुलूप आणि बाळांची रवानगी शहरातल्या मोठ्या इस्पितळात, अर्ध्या दिवसाच्या रस्त्याने. तळहातावर मावणारं बाळ तो रस्ता कसं काढणार, हे दोघांनाही कळत होतं. आणि दिवे माना टाकतात त्या खोलीत बाळ ठेवणं बरोबर नाही, हेही दोघांना कळत होतं. त्यामुळे भांडायलाही काही उरलं नव्हतं.

वायरमन म्हणाला, बाळांच्या खोलीला मी स्वतंत्र लाइन टाकतो, पण खालची मूळ केबलच दमली आहे. तिच्या अंगावरचं ओझं उतरवल्याशिवाय माझ्या लाइनचा उपयोग नाही. म्हणून बाईंनी ओझं उतरवायला घेतलं. आधी किटल्या बंद करण्याची सूचना टेबलाटेबलांवर फिरवली. तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग दुसऱ्या दिवशी सहीसारखा दिसत होता. मग छापे घातले. मेट्रनबाईंची चाहूल दोन वळणं आधी लागते, हे सगळ्यांना पाठ होतं. चपलांचा आवाज आला की किटल्या भूमिगत होत. एक फायलींच्या कपाटात सापडली, तीही उकळत असताना, आणि सगळ्या जुन्या फायली वाफेने इस्त्री केल्यासारख्या झाल्या होत्या. शेगडी तर इस्पितळाच्या संस्थापकांच्या तसबिरीमागे होती. संस्थापकांचा चेहरा इतका लाल का दिसतो, याचा उलगडा तेव्हा झाला. जप्त केलेल्या वस्तूंच्या जागी आठवड्याभरात नव्या आल्या. अकरा वाजता दिवे माना टाकतच राहिले. बाईंनी हात टेकले.

घरीही सुख नव्हतं. सासूबाईंची एक इस्त्री होती, लग्नात मिळालेली. ती कपड्यांना कमी आणि माणसांना जास्त चटके द्यायची. तिच्या झटक्याने बाईंच्या यजमानांची मान एकदा धरली होती ती सुटली, असं ते सांगत, पण त्यांच्या सांगण्यावर किती जायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी बाई घरी आल्या तर सासूबाई चादरीवर तीच इस्त्री फिरवत बसलेल्या. दिवसभराचा राग तिथे निघाला. ही आजच्या आज भंगारात गेली पाहिजे, असं बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी इस्त्री मांडीवर ओढून घेतली.

"फेक म्हणालीस तर जन्मात देणार नाही, सूनबाई. एवढी वर्षं राबली बिचारी. तिला काय झालंय ते तरी बघशील की नाही? तू नर्स ना?"

बाई सासूबाईंच्या शेजारी खाली बसल्या. मग त्यांनी इस्त्री हातात घेतली, वायर सरळ केली, उघडी पडलेली तार सासूबाईंना दाखवली, तळाचा तडा दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि स्वतःच म्हणाल्या, की आता हिचे हाल नकोत. इस्त्री जुन्या कापडात गुंडाळून त्यांनी सुनेच्या हातात दिली. एवढ्यावर विषय मिटला.

रात्रभर बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. गुन्हेगार म्हणून बोलावलं की लपवतात. आजारी म्हणून बोलावलं तर?

सोमवारी तळमजल्याच्या दालनात पाटी लागली: "यंत्रांची ओपीडी. तपासणी मोफत. गुप्तता राखली जाईल." एका टेबलाशी वायरमन बसला होता. त्याच्यापुढे मेगर, म्हणजे वायरीतून वीज पाझरते का ते काट्याने सांगणारा डबा; काटा शून्याकडे झुकला की यंत्र गेलं समजायचं. शेजारी मेट्रनबाई केसपेपर घेऊन. त्यावर यंत्राचं वय, किती दिवसांपासून त्रास, घराण्यात कुणाला आग लागली होती का, असे रकाने. आणि निदान मात्र डॉक्टरांनी करायचं होतं, कारण ज्याला डॉक्टर म्हणतात तो माणूस निदान करायची संधी सोडत नाही, हे बाईंना एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळून चुकलं होतं.

पहिला तास कुणी फिरकलं नाही. मग हिशेबनीस आपला हीटर घेऊन आला, तोही बगलेत, ओळखीचं कुणी पाहतंय का ते बघत. फिजिशियनसाहेब सहज म्हणून थांबले. त्यांनी हीटरची वायर दाबून पाहिली, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, हे जुनं दुखणं आहे. झालं. दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. फिजिशियनसाहेब फ्रीजच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून छातीत घरघर आहे म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स्टेन्शन बोर्डाचं मोडलेलं कोपर तपासलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तर पंख्याचा आवाज ऐकूनच बेअरिंग गेल्याचं सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. जी यंत्रं धडधाकट होती त्यांच्यावर हिरवा कागद चिकटला आणि त्यांची सोय तळमजल्यावरच्या एकाच चहाच्या खोलीत झाली. तिला वायरमनने दमलेली केबल टाळून जाड, वेगळी वायर दिली होती. जी गेली ती गेली. त्यांच्यासाठी मागच्या दारी हातगाडी होती.

सर्जनसाहेब तेवढे आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आणि अकरा वाजता बाळांचे दिवे, आता थोडेसेच, पण लवत होते.

गुरुवारी दार ढकलून ते आत आले. कॉफीयंत्र शालीत गुंडाळलेलं, दोन वॉर्डबॉयांनी स्ट्रेचरवर आणलं होतं. साहेबांनी आधीच बजावलं, की याला काही झालेलं नाही, केवळ तुमचं मन राहावं म्हणून आणलंय. वायरमनने मेगर लावला. काटा धाडकन शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. सर्जनसाहेबांनी डबा बदलायला सांगितला. काटा पुन्हा शून्यावर. मग त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या, मागचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. वायरींवरचं रबर पार जळून कोळसा झालं होतं. यंत्राचा पत्रा इतकी वर्षं त्यांच्या हाताशी विजेसकट उभा होता.

"दुसरं मत घेऊ," ते म्हणाले.

दुसरं मत म्हणजे फिजिशियनसाहेब. आणि त्या दोघांमध्ये कुठल्याशा जुन्या बढतीवरून अबोला होता. इतका जुना की निरोपही नर्सच्या तोंडून जात. दालनात सगळे माना उंचावून बघायला लागले. फिजिशियनसाहेब उठले, जवळ आले, बराच वेळ आत डोकावले. मग सर्जनसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले,

"नाही रे. आता काही उपयोग नाही."

सर्जनसाहेबांनी घड्याळात पाहिलं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सांगतात त्या आवाजात वेळ सांगितली. मेट्रनबाईंनी ती लिहून घेतली. यंत्राच्या अंगावर शाल सर्जनसाहेबांनी स्वतःच ओढली. त्यानंतर दोघे साहेब तळमजल्यावरच्या चहाच्या खोलीत एकाच टेबलाशी बसलेले दिसले, आणि त्या दिवशी ओपीडीत येऊन गेलेल्या प्रत्येकाने आपण ते डोळ्यांनी पाहिलं असं सांगितलं, पण एवढी माणसं त्या खोलीत मावणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई बाळांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. दिवे हलले नाहीत. त्या सव्वाअकरापर्यंत थांबल्या, खात्री म्हणून.

इन्स्पेक्टर ठरल्या दिवशी, मुद्दाम चहाच्या वेळेला आले. आल्या आल्या त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरची चादर उचलायला सुरुवात केली. तिसऱ्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला एक पैलवान झोपला होता. त्याने डोळे उघडून विचारलं, की मी फ्रीज वाटलो का? साहेबांनी चादर नीट घालून दिली. मग ते बाळांच्या खोलीत गेले, सगळ्या पेट्या एकदम सुरू करायला लावल्या, खाली चहाच्या खोलीतल्या साऱ्या किटल्या लावायला माणूस पाठवला आणि दिव्यांकडे असे टक लावून पाहत बसले, की एखादा दिवा लाजून विझला असता. एकही विझला नाही. तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता भिंतीवरची आगीची घंटा दाबली.

हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, पण बाईंच्या होतं. नर्सनी बाईंनी यासाठीच शिवून घेतलेले मोठ्या खिशांचे ॲप्रन चढवले, एकेका खिशात एकेक बाळ गेलं, एका ॲप्रनच्या चार खिशांत चार, आणि बाया चालू लागल्या. धावली एकही नाही. मागचा जिना, जिथे पूर्वी मोडक्या यंत्रांचा ढीग असायचा, तो आता लख्ख मोकळा होता. आग अडवणारी दारं आपोआप मागे बंद होत गेली. सर्जनसाहेब प्राणवायूचं नळकांडं खांद्यावर घेऊन उतरले आणि फिजिशियनसाहेब पुढे जिन्याच्या पायऱ्या सांगत. पैलवानाने कुबड्यांवर फाटकापर्यंत सगळ्यांच्या आधी मजल मारली. अंगणात उन्हात बाईंनी खिसे मोजले. सगळी बाळं होती. एक सोडून सगळी झोपेत होती, आणि ते एक भुकेचं रडत होतं.

इन्स्पेक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. खोली सुरू राहील, असं ते म्हणाले. पुढे आणखी काही म्हणावं की नाही याचा विचार करून त्यांनी विचारलं, की ओपीडीत बाहेरचे पेशंट घेता का. त्यांच्या कचेरीत एक हीटर आहे. बाईंनी त्यांना सोमवारची वेळ दिली.

ही बातमी कशी कुठे गेली कोण जाणे, पण आठवड्याभरात शहरातल्या त्या मोठ्या इस्पितळातून फोन आला. तिथल्या मेट्रन आवाज खाली करून बोलत होत्या. त्यांच्याकडे बाळांच्या खोलीतले दिवे हल्ली चहाच्या वेळेला माना टाकतात. दोन नाजूक बाळं आहेत. गाडीत ऊब, नर्स, डॉक्टर सगळी तयारी आहे. काही दिवस तुमच्याकडे ठेवाल का?

मेट्रनबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मोकळ्या पेट्यांकडे पाहिलं. दोन्ही तापून तयार होत्या.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि बाई, मागच्या गाडीतून तुमच्या किटल्याही पाठवा. इथे डॉक्टर रिकामे बसलेत."