दोन बोटं जास्त

संग्रहालयात कातड्यांच्या खोलीतल्या एकोणिसाव्या खणात एक वीझल आहे, मुंगसासारखाच पण त्याहून बारीक प्राणी. तपकिरी पाठ, पिवळं पोट. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी त्यात कापूस भरला. जंगलातले बाकीचे वीझल वीतभर, हा दोन बोटं जास्त. एवढ्यावर विद्वानांनी त्याची जात वेगळी ठरवली आणि तिला बाबांचं नाव दिलं. जगात नमुना हा एकच. कवटी असती तर पडताळा करता आला असता, पण ती गहाळ आहे. ज्याने जन्मभर उंदीर खाल्ले त्याची कवटी उंदरांनी पळवली, असं बाबा सांगतात.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी मी लागले आणि हा लांबुडका वीझल माझ्या गळ्यात पडला. संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, ‘दुसरा नमुना आणा, नाहीतर नव्या पुस्तकातून ही जात काढणार.’ तीन वर्षं मी जंगलात पिंजरे लावतेय. नाकीनऊ आलेत. हा प्राणी उंदराच्या बिळात शिरतो, आतल्या उंदराला खातो आणि त्याच्याच केसांवर झोपतो. डोकं मावलं की अख्खं अंग मावतं. गावात विचारावं तर लोक कौतुकाने मुंगूस आणून दाखवतात. अकरा पकडले, सगळे वीतभर. मॅडम म्हणाल्या, ‘माद्या असतील, त्या आखूडच असतात.’ सात नर होते! लेखी कळवलं होतं मी.

दर वेळी दारात पाऊल टाकलं की बाबांचा एकच प्रश्न, ‘लांब होता का?’ पाणीसुद्धा विचारायचे नाहीत.

बारावा पिंजऱ्यातच मेला. रस्त्यात गाडी बंद पडली आणि मला पोचायला दुपार झाली. वीझलला दिवसातून आठ-दहा वेळा खावं लागतं, नाहीतर एवढंसं अंग गारठतं. मला ते माहीत होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मोजला, तेवीस सेंटिमीटर. म्हणजे तोही वीतभरच.

वाया जायला नको म्हणून घरी आणला. एवढं नाजूक कातडं अजूनही बाबांनीच हाताळावं. आईने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि नाक मुरडून आत गेली. बाबा खुशीत होते. कातडं सोलून त्यांनी तारेभोवती कापूस गुंडाळला, वर ओलं कातडं चढवलं आणि बोटांनी हलकेच खाली ओढत नेलं.

‘अंग कसं सडसडीत दिसायला हवं,’ ते म्हणाले.

शिवून झाल्यावर मी सवयीने पुन्हा पट्टी लावली. सव्वीस! पुन्हा लावली. सव्वीसच.

‘बाबा, हा तीन सेंटिमीटर वाढला.’

‘ओलं कातडं. ओढावं तेवढं येतं.’

‘मग एकोणिसाव्या खणातला? तो सोलायच्या आधी मोजला होता?’

ते सुईतला दोरा काढत बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘तुम्हाला माहीत होतं!’

‘नाव दिलं तेव्हा नव्हतं. शंका नंतर आली.’

‘आणि मला तीन वर्षं रानोमाळ हिंडू दिलंत? बोलायला काय झालं होतं?’

‘मला वाटायचं, तुला सापडेल.’

मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. पण ते इतकं हळू म्हणाले की मी पट्टी खाली ठेवली. राग मात्र होता तिथेच होता.

बाबांनी दोन कोऱ्या चिठ्ठ्या मागितल्या. पहिलीवर ‘सोलण्याआधी २३’ असं लिहून ती नव्या वीझलच्या पायाला बांधली. दुसरीवर जातीच्या रकान्यात आपल्या नावाऐवजी नुसतं ‘वीझल’ लिहिलं आणि मापापुढे ‘घेतलं नाही’.

‘ही एकोणिसाव्या खणात लाव,’ ते म्हणाले. ‘आणि हात धुऊन घे. दमून आली असशील, पाणी आणतो.’