मोकळा पाइप

गाडी चालू आहे की बंद, हे बापूसो मगदुमांना हल्ली बॉनेटवर हात ठेवून बघावं लागायचं. चाळीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत गेली होती, बिडाच्या कडा घासणाऱ्या यंत्रांच्या गराड्यात. तेव्हा कानात कापसाचा बोळा घालायचीसुद्धा कुणाला अक्कल नव्हती. डावा कान पार गेलेला. उजव्या कानाशी तोंड नेऊन कुणी ओरडलं तर शब्द कळायचे. कानात घालायचं मशीन आणलं होतं. पण त्यातून बायकोचा, पद्मावतींचा आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा यायला लागला, तेव्हा बापूसोंनी ते काढून डबीत ठेवलं. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी उजव्याचंही वर्षभराचंच सांगितलं होतं.

गाडी म्हणजे पासष्ट सालची लाल विलायती एमजी, दोन माणसांची, कापडी टपाची. एका साखर कारखान्याच्या शेडमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. बापूसोंनी ती भंगारात घेतली आणि उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रीबरोबर अकरा वर्षं खपून उभी केली. पहिल्यांदा इंजिन धरलं त्या दिवशी दोघं गॅरेजच्या फरशीवर बसून नुसतं ऐकत होते.

त्याच आकारामकडं बापूसो एका सकाळी गेले.

"सायलेन्सर बदलायचा."

"का? परवाच बघितलाय की. भोक न्हाय, गंज न्हाय."

"मला तिचा आवाज येईना, आकाराम."

आकाराम हातातला पाना पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

दोन दिवस दोघांनी पाइप लावले नि काढले. पहिला मूळचाच, आतल्या जाळ्या काढलेला. बापूसो गाडीच्या मागं वाकून उभे राहिले. काहीच नाही. दुसरा स्टीलचा, आखूड, दोन तोंडांचा. शेजारच्या घरात कुणी पेटी सरकवावी तसं काहीतरी लांबून आलं. मग आकारामनं सायलेन्सरच उडवला आणि इंजिनपासून मागपर्यंत मोकळा पाइप नेला. त्यानं ॲक्सिलेटर दाबला तसे समोरच्या लेथवाल्यानं दोन्ही कान दाबले. हातगाड्याखालचं कुत्रं पळालं. आणि बापूसोंना ऐकू आलं. फाटकं, खोल गेलेलं, पण तिचंच. चारही सिलिंडर. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"ह्योच ऱ्हाऊ दे."

आकारामनं कानाशी तोंड आणलं. "अण्णा, पोलीस धरतील. आनि काकूंच्या कानाचं काय?"

"वरीसभर. मग तूच काढ. तवर कान बी जाईल."

गेली पाच वर्षं गाडीत पद्मावतीच नवऱ्याचे कान होत्या. मागून हॉर्न आला की त्या बापूसोंच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायच्या आणि बापूसो डावीकडं घ्यायचे. रविवारी बाहुबलीला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी कानात कापूस घातला, वरून रुमाल बांधला आणि बसल्या.

दर्शन झालं. परतताना हातकणंगल्यापुढं रस्त्याचं काम चाललं होतं. एकच पट्टी उघडी, दोन्हीकडं खडीचे ढीग, धुरळा. बापूसोंना घाई नव्हती. मोकळ्या पाइपाचा आवाज पायातून, पाठीतून वर येत होता आणि कानाला लागत होता. कित्येक वर्षांत एवढं ऐकलं नव्हतं. गाडीच्या हादऱ्यानं छोटा आरसा थरथरत होता. त्यात नुसती धूळ दिसायची. गुडघ्यावर बोटं टेकली नाहीत, म्हणजे मागं कुणी नव्हतं.

खडी संपली तशी एक ॲम्ब्युलन्स उजवीकडून अंगावर आल्यासारखी पुढं गेली. वरचा दिवा फिरत होता. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. त्याचं तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. बापूसोंनी पद्मावतींकडं बघितलं. त्यांनी रुमाल सोडून कानातला कापूस काढला होता आणि ड्रायव्हरला हात जोडत होत्या.

"किती वेळ हुती मागं?" बापूसोंनी गाडी बंद करून विचारलं.

पद्मावती कानाशी आल्या. "म्हाईत न्हाय. मलाबी ऐकू आलं न्हाय हो."

बापूसोंनी गाडी ॲम्ब्युलन्सच्या मागं घातली. हॉस्पिटलच्या दारात ॲम्ब्युलन्स रिकामी उभी होती. आत भिंतीशी एक बाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. बापूसो तिच्यापुढं वाकले.

"बाई, पेशंट कसा हाय?"

तिनं मान वर केली. ओठ हलले. बापूसोंनी उजवा कान पुढं केला. ओठ पुन्हा हलले. दुःखातली माणसं हळू बोलतात. हे त्यांना तोवर कधी जाणवलं नव्हतं. एवढ्यात पद्मावतींनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"गेला. केरबा नाव. छातीत कळ आलेली. डॉक्टर म्हनत्यात, आपल्या मागं यायच्या आधीच गेल्ता. आपल्यामुळं न्हाय."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"व्हय."

"तुला सांगितलं?"

पद्मावतींनी मान डोलावली आणि नजर खाली घेतली.

पाच वर्षं जग त्यांच्याकडं पद्मावतींच्या तोंडूनच येत होतं. सुनेचे टोमणे, डॉक्टरांचे वाईट निकाल, जावयाचा राग. सगळं वाटेत मऊ होऊन यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मऊपणावर ते जगतही होते. आता तेच त्यांना कुठं पाय ठेवू देईना. रोज ते तोच प्रश्न विचारायचे. रोज तेच उत्तर. आठव्या दिवशी त्यांनी विचारायचं सोडलं.

गाडी त्यांनी आकारामच्या गॅरेजात लावली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "पाइप काढू?" त्यानं खुणेनं विचारलं. बापूसो वळून चालायला लागले.

बाराव्या दिवशी ते एकटेच एसटीनं केरबाच्या गावी गेले. जे असेल ते त्या घरच्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. खिशात वही-पेन घेतलं होतं. दारात मांडव होता. हॉस्पिटलातली तीच बाई, केरबाची बायको धोंडुबाई, आत बसली होती. तिच्या थोरल्या मुलानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ती लाल गाडी माझी," बापूसो म्हणाले. आपला आवाज केवढा निघाला कोण जाणे. मांडवातली सगळी माणसं वळली.

मुलगा समोर बसला आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलला. राग होता का, समजूत होती का, बापाच्या आठवणी होत्या का, काही कळेना. चेहऱ्यावर नुसता थकवा. ओठ संथ हलत होते. बापूसोंनी उजवा कान पुढं केला. त्यात काहीच आलं नाही. कान गेला होता की मुलगाच हळू बोलत होता, तेही कळलं नाही.

वही काढली असती तर त्यानं लिहून दिलं असतं. बापूसोंचा हात खिशात वहीवर होता. तो वर येईना. ते मान हलवत राहिले. मुलगा थांबला, त्यांच्याकडं बघत राहिला. त्यानं काहीतरी विचारलं असावं. बापूसोंनी पुन्हा मान हलवली. मुलगा उठून आत गेला आणि परत बाहेर आला नाही.

संध्याकाळी घरी पद्मावती दारातच उभ्या होत्या.

"काय म्हनली माणसं?" त्यांनी समोर येऊन विचारलं. बापूसोंना ते ओठांवरून कळलं.

"काय न्हाय," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.