घट्ट वेणी

माझ्या वायरिंगला कारखान्यात सगळे 'वेणी' म्हणतात. सगळ्या तारा एकत्र बांधलेल्या, दोन-दोन बोटांवर प्लास्टिकची पट्टी, एक तार बाहेर नाही. लहानपणी आई पहाटपाळीला गेली की धाकट्या बहिणीची वेणी मीच घालायचो, हात तेव्हापासून बसलाय. मालक गिऱ्हाइकांना आधी माझं पॅनल उघडून दाखवतात आणि मी बाजूला उभा राहून उगाच पक्कडीशी चाळा करतो.

बाटल्या भरायच्या यंत्रावर वजनाच्या आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं उमटू लागली, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "प्रोग्राममध्येच घोळ आहे." प्रोग्राम बहिणीचा. ती इथं नवीन, अजून कायम झाली नव्हती.

"दादा, मोटर सुरू झाली की बिघडतं," ती हळूच म्हणाली. "वजनाची तार मोटरच्या तारेला चिकटून गेलीय. वेणी जरा सोडून बघू या?"

"पंधरा वर्षं तारा ओढतोय, तू मला शिकवणार? नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. मालकांनी तिला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हाही मी गप्पच राहिलो.

शनिवारी पॅनलला पंखा जोडायचा म्हणून मीच पट्ट्या कापल्या. वजनाची तार सुटून बाजूला लोंबली. मोटर धडधडत होती आणि पडद्यावर ५००, ५००, ५०१. तार पुन्हा मोटरच्या तारेला चिकटवली. पडद्यावर तीच भलती चिन्हं, नुसता कचरा. सोडली. ५००.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खोटं कशाला बोलू, आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का. तार गुपचूप लांबून ओढली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

पॅनलच्या दारातल्या खिशात तिची वही राहिली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'मोटर बंद, ठीक. मोटर चालू, कचरा. तारच. मालकांना दाखवू? नको. दादाची वेणी आहे.'

तिला सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून सगळ्यांनाच बोलावलं. मोटर चालवून तार चिकटवून दाखवली, सोडून दाखवली. या वेळी कुणी हसलं नाही. मालक एवढंच म्हणाले, "सोमवारी येऊ दे तिला. तूच सांग."

फोन लावला. "वेणी सोडली गं," मी म्हणालो. "फार घट्ट झाली होती."



"नेहमीच घट्ट घालायचास, दादा," ती म्हणाली. "मी कधी सांगितलं नाही."