बिनअंगठ्याचा चेंडू

मी एक चेंडू बोलतोय. पण चेंडू म्हटल्यावर लगेच झेलायला हात पुढे करू नका. मी चिंध्यांचा नाही. खैराच्या गाभ्याचा आहे, नारळाहून चांगला मोठा, आणि पायावर पडलो तर चार दिवस लंगडायला लावीन. रंग तांबडाकाळा, अंग गुळगुळीत, स्वभाव जरा फटकळ. आणि एक आधीच सांगून टाकतो, मी सरळ जात नाही. कधीच गेलो नाही. आता त्याचं काही वाटत नाही, पण एके काळी फार वाटायचं.

माझं झाड मुरबाडच्या रानातलं. खैराच्या झाडाचं भविष्य ठरलेलंच असतं. त्याचे तुकडे करायचे, मडक्यात उकळायचे, त्याचा कात करायचा आणि तो विड्यात घालायचा. माझे सगळे भाऊबंद असे लोकांच्या तोंडी लागून संपले. मी वाचलो तो कल्याणच्या महिपतकाका कातारींमुळे. दोरीने फिरणाऱ्या चरकावर लाकूड गोल कातायचं हा त्यांचा धंदा. लाटणी, पाळण्याचे खूर, पोरांचे भोवरे, सगळं त्यांच्या हातून गोल होऊन निघायचं.

विलायतेच्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या सालची गोष्ट. कल्याणला रेल्वेच्या साहेबांचा एक क्लब होता. तिथे एका लांब फळीच्या टोकाला लाकडाचे नऊ खुंट उभे करायचे आणि दुसऱ्या टोकाकडून चेंडू घरंगळवून ते पाडायचे, असा खेळ चाले. पाडायचे, पुन्हा उभे करायचे, पुन्हा पाडायचे. मोठी माणसं असं दिवसभर का करतात, ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मजा येते हे खरं. तर त्यांचा विलायतेहून आलेला चेंडू वैशाखाच्या उन्हात तडकला आणि नवा करायचं काम महिपतकाकांकडे आलं.

काकांनी एकाच ओंडक्यातून दोघांना कातलं. थोरला अगदी शहाणा निघाला. त्याला दोन भोकं पडली, एक अंगठ्याचं, एक मधल्या बोटाचं, आणि स्वारी क्लबात गेली. माझ्या पोटात मात्र एका अंगाला गाठ होती. काकांनी मला अंगणात घरंगळवलं. निघालो तुळशीवृंदावनाकडे आणि पोचलो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. पुन्हा घरंगळवलं, पुन्हा खुराडं. "वाकडा आहे लेकाचा," काका म्हणाले आणि त्यांनी मला तिथेच खुराड्याच्या दाराला टेकवून ठेवलं. कोंबड्यांच्या सहवासात माझे बरेच महिने गेले. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता परशुरामबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. परशुराम कल्याणच्या यार्डात सांधेवाला होता. रुळांचा सांधा बदलून गाडी कुठल्या रुळावर जायची ते ठरवणारा माणूस तो. एकदा डब्यांची साखळी जोडताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मग त्याला क्लबात पडलेले खुंट उभे करायचं हलकं काम मिळालं. जखम भरून आली, दुखणं थांबलं, पण तो हात काही निळ्या डगल्याच्या खिशातून बाहेर येईना. सगळं काम डाव्या हाताने.

एक गोष्ट मात्र डाव्या हाताने करता येत नाही, ती म्हणजे चारचौघांत जेवणं. अंगठा नसला तर भात कालवता येतो, पण घास उचलताना अर्धा ताटात सांडतो. परशुराम घरात दार लावून जेवायचा. लग्नकार्यात पंगत बसली की त्याला नेमकं कुठेतरी काम निघायचं. त्याची बायको तुळसा कळव्याची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. शिमग्याला जावयाने सासरी यायचं आणि पंगतीत मानाने बसायचं, अशी त्यांच्याकडची रीत. दोन शिमगे परशुराम गेला नाही आणि त्याला सोडून तुळसाही गेली नाही. आईबापांचं तोंड बघायला ती किती आसुसली होती, ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढचं मला तुळसाच्याच तोंडून कळलं, कारण महिपतकाकांना तिने ते खुराड्यापाशी उभं राहूनच सांगितलं. आदल्या दुपारी ती परशुरामची भाकरी घेऊन क्लबात गेली होती. साहेब लोक नव्हते. खिडकीतून तिने पाहिलं, तर परशुराम उजव्या हाताने थोरल्याला उचलायला बघत होता. थोरला हातातून निसटला. परशुरामने इकडेतिकडे पाहिलं आणि हात पटकन खिशात घातला. तुळसा पाय न वाजवता मागे गेली, मोठ्याने खोकली आणि आत्ताच आल्यासारखी परत आली.

"काका, अंगठ्याबिगर धरता येल असा चेंडू कराल काय?" तिने विचारलं.

"करीन की. पण त्याला हात दाखवायला सांग."

"ते मना दाखवत नाय, तुमाला काय दाखवतीन? माप मी सांगतंय. माजी वीत नि वर दोन बोटं."

काका हसले. "पोरी, वीत उसनी चालत नाही. अगं, भोकं कुठे पाडायची हे दोन गोष्टींवर ठरतं. धरणाऱ्याचा हात कसा आहे आणि चेंडूचं जड अंग कुठे आहे. एकदा गिरमिट फिरलं की फिरलं. लाकूड काही भरून येत नाही."

तुळसाने मला पायाने सहज ढकललं. मी आपला वळलो. "ह्यो चेंडू असा का वलतंय?"

"त्याच्या पोटात गाठ आहे. पण नेमकी कुठे ते सापडत नाही. पाण्यात तरंगला असता तर जड अंग आपोआप खाली गेलं असतं. पण घंगाळात टाकला तर बसला तळाशी, दगडासारखा."

तेव्हा तुळसा जी हसली ती हसतच राहिली. "विहिरीचे पान्यान टाकलाव व्हय? आमचे मिठागरान टाका. तिथं बुडीन म्हनला तरी कोन बुडत नाय."

परशुरामसाठी मलाच घ्यायचं ठरलं आणि अशा रीतीने माझी खुराड्यातून सुटका झाली. शिमग्याला काकांना मिठागरावर काम आहे, चेंडू जड आहे, तेवढा पोचवायला हवा, असं तुळसाने नवऱ्याला सांगितलं. परशुराम काही खुळा नव्हता. त्याला डाव कळला असणार, पण म्हाताऱ्या काकांना नाही कसं म्हणायचं? "पोचवतो नि तसाच माघारी येतो," तो म्हणाला. "जेवायला थांबनार नाय, आताच सांगून ठेवतो." तुळसा बरं म्हणाली. मला पोत्यात घालून त्याने डाव्या हातात धरलं आणि काकांसकट आम्ही सगळे खाडीतून मचव्याने कळव्याला निघालो. तुळसाने नवं लुगडं नेसलं होतं. सगळ्या वाटेत ती माहेरच्या एकेका घराचं नाव घेत होती.

मिठागरावर सगळा गाव जमला होता. तुळसाचा बाप धाकू मला दोन्ही हातांत घेऊन कोंडीत उतरला. कोंडी म्हणजे बांध घालून अडवलेलं खारं पाणी. शिमग्याच्या सुमाराला ते आटून असं दाट होतं की काठाला मीठ धरायला लागतं. धाकूने मला हळूच पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतले.

आणि मी तरंगलो! काय सांगू तुम्हाला! जन्मभर जिथे ठेवलं तिथे जड होऊन बसलेला मी, पाण्यावर हलका होऊन डुलत होतो. मग माझ्या पोटातली ती गाठ मला अलगद फिरवायला लागली. थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि जड अंग खाली करून मी स्वस्थ झालो. धाकूने मला पुन्हा पुन्हा फिरवून सोडलं, दर वेळी तेच अंग वर. काकांनी चंचीतला चुना बोटावर घेतला आणि माझ्या वरच्या अंगाला ठिपका लावला. "गाठ याच्या बरोबर खाली," ते म्हणाले. "आता हात पाहिजे."

सगळे परशुरामकडे बघायला लागले. तो बांधावर उभा होता, उजवा हात खिशात. "मचवा कवा सुटतो?" त्याने विचारलं. तुळसाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा पोतं, पुन्हा मचवा, पुन्हा कोंबड्या. आणि ही पोर आणखी एक शिमगा माहेरच्या पंगतीशिवाय.

तुळसाची आई बायजा आतापर्यंत मागे उभी होती. सासूने जावयाशी अदबीने, पदर सावरून बोलायचं असतं, नावाने हाक तर मारायचीच नसते. ही बाई कमरेला पदर खोचून कोंडीत उतरली. मला उचललं, आणि ओल्या मिठासकट सरळ जावयावर फेकलं.

"धर रं परशा!"

असा चेंडू अंगावर आला की माणूस विचार करत बसत नाही. परशुरामचे दोन्ही हात पुढे आले आणि मी त्याच्या उजव्या पंजात बसलो. डावा हात खाली आधाराला. चार बोटं माझ्या अंगावर घट्ट रोवलेली आणि अंगठ्याच्या जागी नुसती नरम, उबदार कड. तो हात सगळ्या गावाने पाहिला. मिठागरातली माणसं ती, त्यांच्या हातापायांना मिठाने भेगा पाडलेल्या. त्यांना त्यात विशेष काही दिसलं नसावं.

"धरलान की!" धाकू म्हणाला.

"हलू नकोस! आहेस तसाच राहा!" काका ओरडले आणि धावत आले. मधली तीन बोटं जिथे रुतली होती तिथे त्यांनी मापापुरत्या चुन्याच्या खुणा केल्या. करंगळी नुसती टेकायला, आणि अंगठ्याचं भोक नाहीच. अंगठ्याशिवायचा चेंडू त्यांनी आधी कधी केला नव्हता, पण आता त्यांना तो स्पष्ट दिसत होता. अर्धा कात मी होतोच, वर चुना लागला. आता पान तेवढं बाकी राहिलं, असं माझ्या मनात आलं, पण ऐकतं कोण?

एक प्रश्न उरला होता. गाठ हाताखाली ठेवायची की बाजूला? "हाताखाली घेतली तर हा पुष्कळसा सरळ जाईल," काका म्हणाले. "बाजूला घेतली तर आणखीच वळेल. मी म्हणतो सरळ करू."

परशुराम बराच वेळ मला फिरवून बघत होता. हात उघडा आहे हे तो विसरूनच गेला होता. मग म्हणाला, "काका, गाडी सरल जाते म्हनून फलाटाला लागते काय? सांधा बदलला की वलते, तवा लागते. ह्याला वलू द्या. कुटून वलतो तेवढा मना कळला म्हंजे झाला." सांधेवाला बोलत होता तो. खुंट उभे करणारा नव्हे.

काकांनी बसकण मारली, मला पायात धरलं आणि गिरमिट लावलं. तुम्हाला वाटेल, दुखलं असेल. छे! गुदगुल्या झाल्या. माझ्या आतला तांबडा भुसा भुरभुर बाहेर पडत होता आणि परशुराम दर खेपेला बोट घालून बघत होता. "थोडं रुंद." "बस." "ह्याला जरा तिरकं." तिसरं भोक पुरं झालं तेव्हा त्याने मला एका हाताने उचललं. एका, उजव्या हाताने. तुळसा रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली.

तुडवून टणक केलेल्या जागेवर बांबूचे नऊ खुंट उभे राहिले. पहिल्या खेपेला मी थेट चरात जाऊन पडलो आणि गाव हसला. परशुरामही हसला. दुसऱ्या खेपेला एका कुत्र्याला पळता भुई थोडी झाली. तिसऱ्या खेपेला मी खुंटांना चुकवून निघालो असंच सगळ्यांना वाटलं. मग माझ्या पोटातली गाठ जागी झाली. मी वळलो आणि कडेने आत घुसलो. खुंट एकमेकांच्या अंगावर असे कोसळले की उभा फक्त एक राहिला, तोही विचारात पडल्यासारखा. बायजाने जाऊन त्याला पायाने पाडलं आणि म्हणाली, "सगले पडले." तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती होती?

मचवा कधीच निघून गेला होता. पंगत बसली. परशुराम सासऱ्याच्या शेजारी बसला, मला त्याने मांडीशी ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. भात आला, वर कोळंबीचं कालवण आलं. त्याने घास उचलला, अर्धा सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. बायजाने आणखी भात वाढला आणि पुढच्या पानावर गेली. तुळसा कालवणाचं भांडं घेऊन समोर उभी होती. ती वाढायचं विसरली होती, आणि तिला कोणी हटकलंही नाही. त्या दिवशी परशुराम किती जेवला म्हणून सांगू! मला इतका आनंद झाला होता की लाकूड नसतो तर उड्या मारल्या असत्या.

याला आता बरीच वर्षं झाली. हल्ली माझा मुक्काम कल्याणला परशुरामच्या ओटीवर असतो. माझी भोकं त्याच्या बोटांनी गुळगुळीत झाली आहेत. मिठाच्या पाण्याने एका अंगाला बारीक चीर गेली आहे, पण तेल मिळतं, तक्रार नाही. सुटीच्या दिवशी यार्डातली माणसं जमतात आणि अंगणात नऊ खुंट उभे राहतात. साहेबांच्या क्लबात अजूनही सरळच खेळतात म्हणे. खेळोत बिचारे.

आज मी तोंड उघडलं ते तुमच्यासाठी नाही, खरं सांगायचं तर. यार्डातला सहदेव फिटर आज पहिल्यांदाच इथे आला आहे. तो मघापासून ओटीच्या कडेला बसलाय, वैशाखात शाल पांघरून. त्याची दोन बोटं गेल्या महिन्यात गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परशुरामने मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि तो खुंट मांडायला गेला.

सहदेवा, ऐक. माझ्यात तुझी बोटं बसणार नाहीत आणि बसवायला जाऊही नकोस. मी दुसऱ्याच्या मापाचा आहे. तुझा चेंडू अजून कुठल्यातरी खैराच्या पोटात आहे. महिपतकाका म्हातारे झालेत पण गिरमिट चालवतात अजून. माप मात्र तुझंच लागेल, तुझ्या बायकोची वीत चालायची नाही. तेव्हा शहाणा असशील तर ती शाल काढ आधी. किती उकडतंय रे!