वाजणारं घुबड

घुबड पुन्हा उडायला लागलं तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तारेत अडकून त्याच्या उजव्या पंखाची तीन पिसं मोडली होती. नवी यायला वर्ष गेलं असतं. मग मोडक्या पिसांच्या पोकळ देठांत बांबूच्या काड्या बसवून मी त्यांवर मेलेल्या घारीची पिसं चिकटवली. पक्ष्यांची डॉक्टर आहे मी, हात बसलाय.

पण शिकार काही जमेना. मोठ्या खोलीत पाचोळा पसरून उंदीर सोडायचे. घुबडानं झेप घ्यावी, तर उंदीर आधीच पसार. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, तो पक्षी ते सोडू देत नाहीत. जन्मभर पिंजरा. आमची एकपंखी म्हातारी घुबडमादी तशीच वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून बसलीय. ह्याचंही तेच होणार, या विचारानं मला जेवण जाईना.

"वहिनी, तुझं घुबड वाजतंय," नणंद म्हणाली. ती पिंजरे झाडते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खाते.

"वाजायला ते काय पेटी आहे?"

"डोळे मिटून ऐक तरी."

ऐकलं. फर्र, फर्र. मी कपाळावर हात मारला. घार उंचावरून डोळ्यांनी शिकार हेरते, तिला आवाजाची काय फिकीर? घुबड अंधारात कानांनी शिकार करतं. म्हणून त्याच्या पिसांच्या कडेला मऊ झालर असते. उडताना चाहूल लागत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवते, आणि स्वतः विसरले.

आता घुबडाची पिसं आणायची कुठून? ओळखीच्या सगळ्या दवाखान्यांत फोन लावले. नणंद आपली शिलाई मशीन पुसत बसली होती, पिसांच्या जुडीनं. म्हातारीची गळलेली पिसं. कचरा जमवते म्हणून मी तिला उठताबसता बोलायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"दे इकडे."

"कचरा आहे ना तो?"

"दे म्हणते ना."

म्हातारीला डावा पंखच नाही, त्यामुळे पंखाची पिसं सगळी उजवीच. तीन चांगली निघाली.

शुक्रवारी अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं उभे. पाचोळ्यात उंदीर खुडखुडत होता. मग थांबला.

"उडणार कधी तुमचं घुबड?" साहेबांनी विचारलं.

मी दिवा लावला. घुबड खाली बसलं होतं, उंदीर नख्यांत.

संध्याकाळी त्याला सोडताना नणंदेनं म्हातारीचा पिंजराही अंगणात आणून ठेवला. घुबड उडालं, आवाज शून्य. म्हातारीनं मान पार पाठीमागे वळवली आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मला रडू आलं.

"डोळे पूस," नणंद म्हणाली, "आणि माझ्या मशीनला एक फडकं दे."