वैशाखात पाणी दाखवणारा बांबू

मी बांबू बोलतोय. बेलवलीबाहेर, उल्हास नदीच्या अलीकडे जी पाणथळ आहे, तिच्या मधोमध मी उभा आहे. पाय कुजायला लागलेत, डोक्यावर पाखरांची शीट आहे. पण कणा अजून ताठ आहे आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

बारवीकडच्या रानात मी वाढलो. कमळाबाईच्या नवऱ्यानं मला तोडलं, सात हात मापून घेतलं आणि विस्तवावर शेकून सरळ केलं. तो गेला आणि मी कमळाबाईच्या हाती आलो. पाणथळीत शिरताना ती आधी मला टेकवी, मग पाऊल टाकी. कुठं गाळ घोट्याएवढा आणि कुठं म्हैस गडप होईल असा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गाव मात्र नाक मुरडी. डास आणि बेडूक, दुसरं आहे काय तिथं, म्हणे.

मग फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी मंडळी आली. आमच्या गावानं कधी चुलीवर न ठेवलेली कमळाची मुळं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मार्गशीर्षात पाणी ओसरलं की कमळाबाई कमरेएवढ्या गाळात उतरून ती काढी आणि टोपली घेऊन तिथल्या कॅम्प नंबर चारला जाई. "बीह आयी, बीह आयी!" करत बायका तिला घेरत; बीह म्हणजे तीच मुळं. एक म्हातारी मुळं नाकाशी धरून रडली, हे तर कमळाबाईनं वर्षभर ज्याला त्याला ऐकवलं. तिचं आणि तिच्या लेकीचं, अंजनीचं, पोट त्या टोपलीवर चालू लागलं.

एका वैशाखात अंबरनाथच्या एका कारखान्यातले शरदचंद्र नकाशा करायला आले. वैशाखातली पाणथळ म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन. कमळं खाली मुळांत झोपलेली, पाखरं नदीवर गेलेली. बूट न भिजवता ते आरपार चालत गेले आणि कागदावर लिहून मोकळे झाले, 'कोरडी, पडीक'. माणसांचं असंच असतं. एका दुपारी यायचं आणि बारा महिन्यांचं लिहायचं.

श्रावणात कमळाबाईचा दीर भगवंत धापा टाकत आला. तो त्याच कारखान्यात हमाली करी.

"वयनी, दिवालीनंतर भट्टीची राख हितंच टाकनार. गाड्या पन ठरल्या."

कमळाबाईनं मला उचललं आणि तडक अंबरनाथ गाठलं. शरदचंद्रांच्या उंबऱ्यावर तिनं मला ठणकन आपटलं.

"साहेब, तुमी कोरडी लिवली ना? चला, दाखवा मना कोरडी."

"बाई, मी स्वतः चालून गेलोय तिथून."

"मंग आज पन चाला."

ते आले, आणि बांधावरच थबकले; समोर काठोकाठ पाणी. केळीच्या खांबांच्या तराफ्यावर बसवून तिनं त्यांना मधोमध नेलं आणि मला त्यांच्या हाती दिलं. मी तळाला टेकलो तेव्हा माझं जेमतेम तीन हात टोक वर उरलं होतं. शेजारच्या पानावरून एक कमळपक्षी चार पिल्लं घेऊन चालला होता.

"चूक माझीच," शरदचंद्र हळूच म्हणाले. "पण मोठे साहेब विचारतील, तेव्हा डोळे कुठं होते?"

"सांगा, वैशाखात गेलो व्हतो. महिना चुकला, त्याची कसली लाज? आता गप बसलाव तर मातर लाज."

त्यांनी सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, सध्या गाड्या थांबवा, मी स्वतः येऊन बघतो. पण केव्हा? तर वैशाखात! पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कमळाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "हा रोवा मधोमध. पान्याची खून ऱ्हाईल त्याच्यावर."

"वयनी, हा नसंल तर गालात उतरशील कशी?"

"पाय हायत ना!"

भगवंत आणि शरदचंद्र, दोघांनी मिळून मला हातभर गाळात ठोकलं. त्या थंडीत ती माझ्याशिवाय मुळं काढत होती. दोनदा पडली. मी समोर उभा, आणि काही करू शकलो नाही. आयुष्यात मला तेवढं दुःख कशाचंच झालं नाही.

वैशाखात मोठे साहेब आले. कोरड्या जमिनीवरून टोपी सावरत, हसत माझ्यापाशी पोचले. शरदचंद्रांनी गाळाच्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. साहेब मला पाठ लावून उभे राहिले. रेघ टोपीच्या वर चार बोटं भरली. त्यांचं हसू थांबलं. वाकून त्यांनी पायाखालच्या भेगा पाहिल्या. मग म्हणाले, "राखेसाठी दुसरी जागा शोधा." कमळाबाईनं बांधावरून येऊन माझ्या रेघेला हात लावला.

त्याला तीन वर्षं झाली. मी आणखी एखादा पावसाळा काढीन. पण साहेब बदलतात, नवे नकाशे होतात, आणि मोजणीला माणसं नेमकी वैशाखातच येतात. म्हणून एवढंच मागणं आहे. मी कोसळलो तर हळहळत बसू नका. त्याच खळग्यात दुसरा बांबू रोवा, आणि आषाढ लागायच्या आत रोवा.